जादूगाराचा तांब्या आणि विधवेची कुपी



चर्चचा सण असो, नाताळचा स्नेहमेळावा असो, की सोसायटीतल्या मुलांचा कार्यक्रम असो, जादूचे प्रयोग ठेवले की मुले पुढच्या रांगेत आणि मोठी माणसे मागच्या रांगेत सारख्याच उत्सुकतेने बसतात. त्यातला एक प्रयोग फार जुना आहे. जादूगार टेबलावरचा तांब्या उचलतो, बादलीवर उपडा धरतो आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत पाणी ओततो. तांब्या रिकामा झाला, हे सगळ्यांनी पाहिलेले असते. मग तो पत्त्यांचा किंवा रुमालाचा खेळ करतो आणि पुन्हा तांब्याकडे वळतो. तांब्यातून पुन्हा पाणी पडते. कार्यक्रम संपेपर्यंत असे पाच-सहा वेळा होते. प्रख्यात जादूगार पी. सी. सरकार (१९१३-१९७१) यांनी हा प्रयोग 'वॉटर ऑफ इंडिया' या नावाने देशोदेशी केला. त्यामुळे न संपणाऱ्या पाण्याचा हा तांब्या जगभरच्या जादूगारांमध्ये भारताच्या नावाने ओळखला जातो.

आता असा विचार करा. धर्मशिक्षणाच्या वर्गात सारफथच्या विधवेची गोष्ट शिकवायची आहे. तिच्या कुपीतले तेल आटले नाही, हे मुलांच्या मनावर ठसावे म्हणून एखाद्या शिक्षिकेने असा तांब्या वर्गात आणला, तर ते योग्य होईल का? मुले खूश होतील, गोष्टही लक्षात राहील. पण घरी जाताना एखादा चुणचुणीत मुलगा विचारील, "टीचर, एलियानेसुद्धा असंच केलं होतं का?" या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ असायला हवे. म्हणून या तांब्याबद्दल थोडा विचार करू या.

तांब्यात काय असते?

हे गुपित आता गुपित राहिलेले नाही. तांब्याच्या पोटात दुसरे भांडे बसवलेले असते. दोघांमध्ये जी पोकळी राहते, तोच चोरकप्पा. आतल्या भांड्याच्या तळाशी एक छिद्र असते, त्यातून चोरकप्प्यातले पाणी आत येऊ शकते. दुसरे बारीक छिद्र बाहेरच्या बाजूला, गळ्याजवळ, बरोबर अंगठा टेकेल अशा जागी असते. या छिद्रातून चोरकप्प्यात हवा जाते. अंगठ्याने ते दाबून धरले की हवा आत शिरत नाही आणि चोरकप्प्यातले पाणी जागचे हलत नाही. सरबताच्या नळीचे वरचे तोंड बोटाने बंद केले की नळीतले सरबत खाली सांडत नाही, त्यातलाच हा प्रकार. अंगठा दाबून तांब्या उपडा केला की फक्त आतल्या भांड्यातले पाणी पडते. तांब्या टेबलावर ठेवून अंगठा काढला की हवा आत जाते आणि चोरकप्प्यातले पाणी तळच्या छिद्रातून आतल्या भांड्यात चढते. लोक तोवर रुमालाकडे बघत असतात.

असा तांब्या घडवणे सोपे नाही. आतल्या भांड्याचा काठ बाहेरच्या गळ्याला सगळीकडून पक्का झाळावा लागतो. सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी तिथून हवा शिरते आणि अंगठा दाबूनही उपयोग होत नाही. तळचे छिद्र फार मोठे करून चालत नाही, फार लहान ठेवले तर पाणी भरायला वेळ लागतो. बाहेरून तो चारचौघांच्या घरातल्या तांब्यासारखाच दिसला पाहिजे.

आणि हिशेब तर चुकतच नाही. समजा, आतल्या भांड्यात ८ पेले आणि चोरकप्प्यातही ८ पेले पाणी आहे. पहिल्यांदा ८ पेले ओतले. मग चोरकप्प्यातले पाणी दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत आत येते, म्हणजे ४ पेले. पुढच्या वेळी २, त्यापुढे १. कितीही वेळा ओतले तरी एकूण १६ पेल्यांच्या वर एक थेंब निघत नाही. म्हणून कारागीर आतले भांडे लहान आणि चोरकप्पा मोठा ठेवतो.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. या तांब्यात पाणी कधीच निर्माण होत नाही. जादूगाराची खरी हातचलाखी पाणी काढण्यात नाही, तांब्या रिकामा झाला असे भासवण्यात आहे. या मुद्द्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

गंमत आणि फसवणूक

मग जादूगार पाप करतो का? लोकांना जे नाही ते दाखवणे म्हणजे खोटे बोलणेच नाही का?

ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद २४८२) संत ऑगस्टीन यांच्या आधारे सांगतो, की फसवण्याच्या हेतूने असत्य बोलणे म्हणजे खोटे बोलणे. जादूच्या खेळाला आलेल्या माणसाला आपण खेळ बघायला आलो आहोत, हे ठाऊक असते. तांब्यात काहीतरी युक्ती आहे, हे तो जाणतो. फक्त ती कोणती, हे त्याला ओळखता येत नाही आणि त्यातच त्याला आनंद मिळतो. याच ग्रंथाने (परिच्छेद २११७) निषिद्ध ठरवलेली जादू वेगळी आहे. गूढ शक्ती वश करून घेणे आणि तिच्या बळावर दुसऱ्यांवर सत्ता गाजवणे, ही ती जादू. हातचलाखीचा खेळ त्यात मोडत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनीही मनाच्या विश्रांतीसाठी खेळ आणि करमणूक आवश्यक मानली आहे आणि लोकांना रिझवणाऱ्या नटाचा व्यवसाय मुळात पापमय नाही, असे म्हटले आहे.

संत जॉन बॉस्को (१८१५-१८८८) तर लहानपणी स्वतःच जादूचे खेळ करीत. खेळ पाहायचा तर आधी सर्वांनी जपमाळेची प्रार्थना म्हणायची, ही त्यांची अट असे. पुढे किएरी गावी शिकत असताना या तरुणाला काही सैतानी विद्या येते की काय, अशी शंका लोकांना आली आणि बुर्झियो नावाच्या धर्मगुरूंनी त्यांना चौकशीसाठी बोलावले. चौकशी चालू असतानाच धर्मगुरूंचे घड्याळ आणि पैशांची पिशवी नाहीशी झाली आणि दिव्याच्या झाकणाखाली सापडली! मग बॉस्कोने हे कसे केले ते त्यांना उलगडून सांगितले. धर्मगुरू हसले आणि प्रकरण मिटले. ही आठवण बॉस्को यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. विचारले की सांगून टाकणे, ही प्रामाणिक जादूगाराची खूण आहे.

मार्कसचा पेला

याच तांब्याचा एक पूर्वज ख्रिस्तसभेच्या इतिहासात आहे आणि त्याची कथा दुःखद आहे. पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया शहरात हेरॉन नावाचा यंत्रज्ञ होऊन गेला. बोटाने हवेचे छिद्र उघडझाप करून एकाच सुरईतून हवे तेव्हा पाणी, हवे तेव्हा द्राक्षारस कसा काढावा, हे त्याने लिहून ठेवले. नाणे टाकले की देवळाच्या दारात पवित्र पाणी देणारे यंत्रही त्याने वर्णिले आहे. म्हणजे ही विद्या फार जुनी.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी लियॉनचे बिशप संत इरेनेयुस यांनी पाखंडी मतांविरुद्धचा आपला ग्रंथ लिहिला. त्यात मार्कस नावाच्या माणसाची हकिगत आहे. हा मार्कस पेल्यावर लांबलचक प्रार्थना म्हणे आणि पेल्यातला रस लाल झालेला दाखवी. एखाद्या स्त्रीच्या हाती लहान पेला देऊन तिला त्यावर आशीर्वाद म्हणायला लावी आणि मग लहान पेल्यातला रस स्वतःच्या मोठ्या पेल्यात ओती. लहान पेल्याने मोठा पेला काठोकाठ भरून वाहू लागे. भोळ्या बायका थक्क होत आणि आपल्यावर दैवी कृपा उतरली, असे समजत. इरेनेयुस सांगतात, की मार्कस श्रीमंत स्त्रियांना हेरून त्यांना नादी लावी आणि त्यांची मालमत्ता हडप करी. त्याच्या करामतींना ते जादूगारांच्या खेळांचीच जात म्हणतात. याच इरेनेयुस यांना पोप फ्रान्सिस यांनी २०२२ साली ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले.

बॉस्को आणि मार्कस यांच्यात फरक काय? हात दोघांचेही चपळ. पण एकाने खेळाला खेळ म्हटले, दुसऱ्याने खेळाला देव म्हटले. एकाच्या खेळाने मुले प्रार्थनेकडे वळली, दुसऱ्याच्या खेळाने बायका लुबाडल्या गेल्या. आपल्या राज्याच्या कायद्यानेही हीच रेषा आखली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणे आणि त्यांचा प्रसार करून लोकांना फसवणे हा त्यात गुन्हा आहे. करमणुकीसाठी जादूचे प्रयोग करणाऱ्याला त्याची भीती नाही.

दानीएलची राख

इथे आपण स्वतःकडेही पाहिले पाहिजे. २०१२ च्या मार्च महिन्यात विलेपार्ल्याच्या इर्ला भागात वेलंकणी मातेच्या चर्चजवळच्या क्रुसावरील येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. लोकांची गर्दी झाली, कित्येकांनी ते पाणी तीर्थ म्हणून घेतले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी जागेची पाहणी केली आणि जवळच तुंबलेल्या सांडपाण्याची ओल केशाकर्षणाने, म्हणजे वात जशी तेल वर ओढते तशी, भिंतीतून वर चढत आहे, असे सांगितले. टीव्हीवर त्यांनी ख्रिस्तसभेवर केलेले आरोप आपल्यापैकी अनेकांना झोंबले. काही कॅथलिक मंडळींनी त्यांच्याविरुद्ध धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी पोलिसांत नोंदवल्या आणि त्याच वर्षी ते देश सोडून फिनलंडला गेले.

या घटनेत कोणी जादूगार नव्हता. ख्रिस्तसभेनेही तो चमत्कार म्हणून जाहीर केलेला नव्हता. कोणाच्या बोलण्याने मन दुखावले, तर तसे म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे. पण पाणी कुठून येते, हे शोधणारा माणूस आपल्या श्रद्धेचा वैरी असतो का?

आपले बायबल काय सांगते पाहा. दानीएलच्या ग्रंथाच्या १४ व्या अध्यायात बेल नावाच्या मूर्तीची कथा आहे. रोज तिच्यापुढे पीठ, चाळीस मेंढरे आणि द्राक्षारस ठेवला जाई आणि सकाळी सगळे फस्त झालेले दिसे. राजाला वाटे, देव जेवतो. दानीएलने रात्री देवळाच्या जमिनीवर राख चाळून ठेवली. सकाळी राखेवर सत्तर पुजाऱ्यांची, त्यांच्या बायकांची आणि मुलांची पावले उमटली होती. टेबलाखाली चोरवाट होती! म्हणजे बायबलमध्ये राख पसरणारा माणूस देवाचा संदेष्टा आहे. खऱ्या देवाला राखेची भीती नसते. म्हणूनच लूर्द येथे बरे झाल्याचे ७ हजारांहून अधिक दावे नोंदले गेले, तरी डॉक्टरांची तपासणी आणि बिशपांचा निर्णय या गाळणीतून २०१८ पर्यंत फक्त ७० चमत्कार म्हणून मान्य झाले. ख्रिस्तसभा स्वतःच राख पसरून बघते.

विधवेची कुपी

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. एलियाने असेच केले होते का?

१ राजे, १७ वा अध्याय काढून वाचा. दुष्काळ पडलेला. एक परकी विधवा गावाच्या वेशीपाशी काटक्या वेचते आहे. घरात मूठभर पीठ आणि थोडेसे तेल उरले आहे. त्याची भाकर करून ती आणि तिचा मुलगा खाणार आणि मग मरणाची वाट पाहणार. अशा बाईकडे एलिया आधी आपल्यासाठी भाकर मागतो. ऐकायला हे क्रूर वाटते. पण ती देते. आणि त्यानंतर पीठ सरत नाही, तेल आटत नाही.

तांब्याच्या अगदी उलट आहे हे. जादूगाराचा तांब्या रिकामा दिसतो, पण नसतो. विधवेचे मडके जवळजवळ रिकामे असते आणि ती ते लपवत नाही. जादूगार आधी साठवतो, मग देण्याचे सोंग करतो. ती आधी देते, आणि भरणे देवावर सोपवते.

अलीशाच्या काळातल्या दुसऱ्या विधवेची गोष्ट (२ राजे, ४ था अध्याय) हेच सांगते. कर्जापायी तिची मुले गुलाम होणार होती. अलीशा तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी आणायला सांगतो, आणि तीही थोडीथोडकी नव्हे. भांडी होती तोवर तेल वाहत राहिले, भांडी संपली तेव्हा थांबले. आणि ते विकून तिने कर्ज फेडले. तेल किती मिळणार हे रिकाम्या भांड्यांवर ठरले.

काना गावच्या लग्नातही एक बारकावा आहे. जादूच्या खेळात मदतनिसाला युक्ती ठाऊक असते, प्रेक्षकांना नसते. कानामध्येही नोकरांना ठाऊक होते, जेवणाच्या कारभाऱ्याला नव्हते, असे संत योहान मुद्दाम नोंदवतो. पण त्या नोकरांना काय ठाऊक होते? सहा दगडी रांजण आपण स्वतः काठोकाठ पाण्याने भरले, हे. म्हणजे जादूगाराचा मदतनीस 'युक्ती आहे' याचा साक्षीदार असतो, कानाचे नोकर 'युक्ती नव्हती' याचे साक्षीदार आहेत. आणि हे सारे मंचावर घडले नाही. नवरा-नवरीची लाज राखण्यासाठी ते गुपचूप घडले. दगडांच्या भाकरी करायला याच येशूने रानात नकार दिला होता.

आणि ज्याला सगळ्या युक्त्या ठाऊक होत्या त्या डॉन बॉस्कोचे काय? १८४९ साली त्यांनी आपल्या मुलांना उकडलेले चेस्टनट द्यायचे कबूल केले होते. आईने चुकून थोडेच उकडले. ते कमी आहेत हे कळल्यावरही दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून ते ओंजळी भरभरून वाटत राहिले, आणि शेकडो मुलांना पुरले, असे त्यांच्या चरित्रात नोंदले आहे. यावर विश्वास ठेवण्याची सक्ती कोणावर नाही. पण चोरकप्प्याची सगळी विद्या अवगत असलेल्या माणसाने त्या दिवशी एकच गोष्ट केली. हातचे राखून ठेवले नाही.

आपला अंगठा कुठे आहे?

मानपाड्यात राहणाऱ्याला पाणी आपोआप भरत नाही, हे सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे आपल्या भागाला नवीन नाही. तरीही नळ उघडला की पाणी येते, तेव्हा ते कुठून येते याचा विचार आपण करत नाही. नळ हाही एक तांब्याच आहे. त्याचा चोरकप्पा दूर शहापूर, मुरबाडकडे, भातसा आणि बारवीच्या धरणांत आहे. ज्या शहापूर तालुक्यातली धरणे मुंबई-ठाण्याची तहान भागवतात, त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. आपल्याला न संपणारे वाटणारे पाणी कोणाच्या तरी वाट्यातून आलेले असते.

आणि तांब्याचा दुसरा धडा याहून जवळचा आहे. प्रेषितांची कृत्ये, ५ वा अध्याय. हनन्या आणि सप्पीरा यांनी जमीन विकली, पैशाचा काही भाग मागे ठेवला आणि बाकीचा प्रेषितांच्या चरणी असा ठेवला, जणू ते सर्वस्वच होते. जमीन आणि पैसे त्यांचेच होते, ठेवून घेतले असते तरी चालले असते, असे पेत्रानेच त्यांना सांगितले. त्यांचा दोष पैसे ठेवण्यात नव्हता. भरलेला तांब्या रिकामा आहे असे दाखवण्यात होता.

आपल्या दारी मदत मागायला कोणी येते, धर्मग्रामात एखाद्या आजाऱ्यासाठी वर्गणी काढली जाते, म्हातारी आई थोडा वेळ बसून बोल म्हणते. आपण म्हणतो, "सध्या हात रिकामेच आहेत हो", "वेळच नसतो गं". तांब्या उपडा करून दाखवतो. शेवटचा थेंबही पडलेला दिसतो. फक्त अंगठा छिद्रावर दाबून धरलेला असतो. जादूगाराच्या खेळात निदान प्रेक्षकांना युक्तीची कल्पना असते. आपल्या खेळात समोरचा माणूस खरोखरच रित्या हाताने परत जातो.

तर मग वर्गात तांब्या आणावा का? जरूर आणावा. पण गोष्टीच्या जागी नव्हे, गोष्टीच्या शेजारी. आधी खेळ दाखवावा, मग तांब्या मुलांच्या हाती देऊन दोन्ही छिद्रे दाखवावीत, प्रत्येकाला अंगठा ठेवून बघू द्यावे. मग शांतपणे विधवेची गोष्ट वाचावी आणि विचारावे, "हिच्या कुपीत चोरकप्पा होता का?" मुले उत्तर देतील. आणि देवाच्या चमत्काराला आपल्या युक्तीचा आधार लागत नाही, हेही ती त्याच दिवशी शिकतील.

उपासनेच्या पंचांगात 'ब' वर्षाच्या ३२ व्या सामान्य रविवारी सारफथच्या विधवेचे वाचन येते. त्याच दिवशी शुभवर्तमानात मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणारी विधवा भेटते. दोघींनीही हातचे काही राखले नाही. श्रीमंतांनी भरपूर टाकले होते, पण येशूची नजर ज्या हाताखाली काहीच दडलेले नव्हते, त्या हातावर थांबली.

या आठवड्यात घरी तांब्यात पाणी भरताना एकदा आपल्या अंगठ्याकडे बघावे. तो कोणत्या छिद्रावर दाबून ठेवला आहे, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते, आणि देवाला. तो थोडासा उचलण्याची कृपा प्रभू आपल्या प्रत्येकाला देवो. आमेन.